फ्रीजमधली खुरपी

दुसऱ्यांच्या घरात शिरायचा मला पगार मिळत असे. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारी, जिन्याने गच्चीवर, आणि कुणी ‘तिकडं काही नाही हो मॅडम’ म्हणालं की हमखास तिकडेच. माझी ही खोड लहानपणापासूनची. हळदीकुंकवाला कुणाकडे गेले की मी वाण घ्यायच्या आधी त्यांच्या फडताळात डोकावून यायचे आणि घरी आल्यावर आईचे धपाटे खायचे. नगरपालिकेत कर निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा तिने गल्लीत पेढे वाटले आणि म्हणाली, ‘बरं झालं, आता निदान कुणी हिला हाकलून देणार नाही.’

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, भंडारदऱ्याच्या पाटपाण्यावर वाढलेलं. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, कागदावर मीही नवंच लिहिते, पण तोंडातून अजून नगरच निघतं. गावाच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि कांदा, चौथ्या बाजूला हमरस्ता. या गावाची घरपट्टी ठरवायचं काम मी एकोणतीस वर्षं केलं. काम सांगायला सोपं आहे. दर चार वर्षांनी प्रत्येक इमारत पाहायची, टेप लावून मोजायची, भिंत विटांची की पत्र्याची, वर स्लॅब की कौलं, आत माणसं राहतात की दुकान चालतं, हे सगळं लिहायचं. ते घर भाड्याने दिलं तर वर्षाचं काय येईल याचा त्यावरून अंदाज धरतात आणि त्या अंदाजावर घरपट्टी बसते. मग लोकांना नोटीस, लोकांच्या हरकती, मुख्याधिकाऱ्यांपुढे सुनावणी, आणि मग आकारणी पक्की.

टेपचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं शिपाई बाबूभाईंच्या. बाबूभाई माझ्याहून वयाने मोठे, बोलायला कमी आणि नाकाने तिखट. एका व्यापाऱ्याने गोदामाच्या कोपऱ्यात दगडाला शेंदूर फासून ‘हे मंदिर आहे, मंदिराला पट्टी नसते’ असा अर्ज केला होता. आम्ही गेलो, तर समोर हार, उदबत्ती, घंटा, सगळं जिथल्या तिथे. मी जरा विचारात पडले. बाबूभाई वाकले, बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, ‘मॅडम, देव अजून वाळला नाही.’

याच्या उलटे लोकही भेटायचे. एका गृहस्थाने माझ्यामागे लकडा लावला की माझं घर पत्र्याचं आहे ते स्लॅबचं लिहा. पट्टी वाढेल म्हटलं, तर म्हणाले वाढू द्या, पोरीला बघायला पाहुणे येणारेत, ते उतारा काढून बघतात. मी लिहिलं नाही. दिसलं ते लिहायचं, ऐकलेलं लिहायचं नाही, अशी माझी शिस्त होती आणि तिचा मला चांगलाच ताठा होता. ऑफिसात नवीन माणूस आला की मी त्याला हे वाक्य ऐकवायचे. आता जी हकीकत सांगणार आहे ती वाचून त्यांच्यापैकी कुणी हसलं, तर माझी हरकत नाही.

घरपट्टीतला सगळ्यात कटकटीचा भाग म्हणजे करमाफी. धर्मादाय कामासाठी वापरली जाणारी इमारत असेल, त्यातून कुणी नफा कमवत नसेल, तर तिला घरपट्टी माफ होऊ शकते. पण एकदा माफ म्हणजे कायमची माफ असं नाही. दर आकारणीला कुणीतरी जाऊन पाहावं लागतं की ज्यासाठी माफी दिली ते काम तिथे अजून चालतंय का. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे मी. माफी म्हटलं की माझे कान टवकारत. इतक्या लोकांनी मला देव आणि धर्मशाळा दाखवून गंडवायला पाहिलं होतं, की माफीच्या अर्जाकडे मी आधी संशयानेच बघायचे.

आमच्या गावातली एक माफी मात्र जुनी आणि सगळ्यांना माहीत असलेली होती. शेतमजूर वसाहतीची. पूर्वी एका मूलबाळ नसलेल्या बागाईतदाराने गावाबाहेरची जमीन एका न्यासाला दिली. अट एकच, रानात राबणाऱ्या बेघर कुटुंबांनाच तिथे खोल्या मिळाव्यात. न्यासाने समोरासमोर दोन ओळींत चोवीस खोल्या बांधल्या. विटांच्या भिंती, वर पत्रा, मध्ये सामायिक नळ आणि एक कडुनिंब. भाडं नावापुरतं, पत्रे बदलायला पुरेल एवढंच. कुणी पाथर्डीच्या कोरड्या भागातून आलेलं, कुणी अकोले तालुक्याच्या डोंगरातून कामाला उतरलेलं आणि इथेच राहिलेलं. नगरपालिकेनेही ठराव करून वसाहतीला घरपट्टी माफ केली होती, ‘शेतमजूर कुटुंबे राहत असेपर्यंत’ या शर्तीवर.

मग गाव वाढत वाढत वसाहतीपर्यंत पोचलं. समोर पेट्रोल पंप आला, शेजारी मंगल कार्यालय आलं, आणि ती जमीन अचानक मोक्याची झाली. न्यासाचे अध्यक्ष एक निवृत्त शिक्षक होते, सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्याच काही सहकाऱ्यांना तिथे गाळे काढायची स्वप्नं पडू लागली होती. गुरुजी एकटे त्यांना थोपवून होते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी माझ्या शिस्तीनेच गेले असते म्हणा.

त्या वर्षी फेरआकारणी होती. माझ्या निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. नियमाप्रमाणे आठ दिवस आधी पत्र पाठवून बाबूभाई आणि मी एका थंडीतल्या सकाळी अकराच्या सुमाराला वसाहतीत गेलो.

आत पाऊल टाकलं आणि मी चकित झाले. अंगण शेणाने सारवलेलं, दारोदार रांगोळी, आणि प्रत्येक दारात बाया इस्त्रीच्या साड्या नेसून उभ्या. चप्पल काढून पहिल्या खोलीत गेले. टेबलावर फुलाफुलांचं कापड, भिंतीवर मोठं घड्याळ, कोपऱ्यात फ्रीज. ही खोली द्वारकाबाईंची. साठीला टेकलेली, उंच, सावळी बाई. वसाहतीतल्या सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघून बोलत होत्या, त्यावरून पुढारीण हीच असं मी ताडलं.

‘बसा मॅडम. च्या घ्या.’

सोनेरी काठाच्या कपात चहा आला. कपावर हिरवा पोपट.

‘घरात कोण कोण काय काम करतं?’ मी विचारलं.

‘मालक कंपनीत. ल्योक बी कंपनीत. सून घरीच आसती, मी बी घरीच.’

‘कुठल्या कंपनीत?’

‘हाय की, तिकडं.’ तिने हात असा फिरवला की त्यात नगरपासून पुण्यापर्यंतच्या सगळ्या कंपन्या बसल्या असत्या.

‘रानात कुणी जात नाही?’

‘न्हाई न्हाई!’ ती घाईने म्हणाली. ‘आमी तसली मान्सं न्हाई मॅडम. हितं समदी चांगली, नोकरीधंद्याची मान्सं ऱ्हात्यात. कुनाचा कचरा न्हाई, भांडान न्हाई. तुमी बगा की फिरून.’

मी फिरून पाहिलं. दुसऱ्या खोलीत नवरा ड्रायव्हर, तिसऱ्यात दुकानात, पाचव्यात पुन्हा कंपनी. एकही खुरपं नाही, कोयता नाही, विळा नाही, दाराशी चिखलाची चप्पल नाही. चौथ्या खोलीत पुन्हा चहा आला आणि कपावर पुन्हा तोच पोपट. कपाच्या कानाजवळचा टवका उडालेला, त्याच जागी. सहाव्या खोलीतलं घड्याळ मी पहिल्या खोलीत पाहिलं होतं. माझ्या पाठीमागून ते कुणीतरी परसातून पळवत होतं. आणि त्याही आधी, द्वारकाबाईंच्या खोलीतून निघताना, मला दिसलं होतं की फ्रीजची वायर गुंडाळून सुतळीने बांधून वर ठेवली आहे आणि त्या भिंतीला प्लग लावायला जागाच नाही.

हे सगळं मला दिसलं. हे मी आधीच सांगून ठेवते.

बाबूभाईंनी मला कोपराने ढोसलं. ‘मॅडम, येक सांगू का?’

‘टेप सरळ धरा,’ मी म्हणाले.

का म्हणाले? कारण मला मोठा मासा गळाला लागल्याचा आनंद झाला होता. शेतमजुरांच्या नावाखाली न्यास नोकरदारांना खोल्या देतो आणि वर्षानुवर्षं माफी खातो, हे मीच पकडलं होतं! असं काही मनाने घेतलं की माणूस बाकीच्या गोष्टींना आपोआप कारणं शोधून देतो. कप काय, शेजारधर्म असेल. घड्याळ काय, हौस असेल. फ्रीज बिघडला असेल. ऑफिसात येऊन मी वळणदार अक्षरात अहवाल लिहिला: ‘वसाहतीत शेतमजुरी करणारे एकही कुटुंब आढळून आले नाही. करमाफी रद्द करण्यात यावी.’ खाली सही ठोकली. त्या दिवशी मला जेवणही छान गेलं.

नोटीस पोचली आणि दुसऱ्याच दिवशी गुरुजी आले. ऐंशीच्या घरातला माणूस, जिना चढून धापा टाकत होता. पाणी प्यायल्यावर त्यांनी नोटीस टेबलावर ठेवली.

‘बाई, तुम्ही लिहिलंय की इथं एकही शेतमजूर नाही.’

‘तेच सांगितलं मला सगळ्यांनी.’

‘मग रोज सकाळी गाडीत बसून जातात त्या कोण?’

मी म्हणाले की मला कोणी गाडीत बसताना दिसलं नाही, मी त्यांच्या तोंडचं लिहिलंय. हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं होतं. ऐकलेलं लिहायचं नाही म्हणणारी बाई मी!

गुरुजी चिडले नाहीत. त्यांनी फक्त पुढचं समजावून सांगितलं. माफी गेली तर पट्टी भरायची न्यासाची ऐपत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, ‘इथं आता शेतमजूर राहत नाहीत’ असा सरकारी कागद हातात आला की जमीन देणाऱ्याची अट आपोआप संपली असं म्हणायला गाळेवाले मोकळे. उन्हाळ्याच्या आत चोवीस कुटुंबं रस्त्यावर येतील. ‘त्यांना दुसरीकडं कुणी खोली देत नाही हो,’ ते म्हणाले, ‘म्हणून तर ही वसाहत आहे.’

ते गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. वाईट वाटत होतं हे खरं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला तो फ्रीज छळत होता. ज्या खोलीत प्लग नाही त्या खोलीत माणूस फ्रीज कशाला आणेल? दाखवायला म्हणावं तर कुणाच्या घरून उचलून आणण्याइतकी ती हलकी वस्तू नव्हे. संध्याकाळी मेथी निवडताना मी देठं ताटात आणि पानं केरात टाकत होते. शेवटी बाबूभाईंना फोन केला. ते म्हणाले, ‘मी त्या दिवशी तेच सांगत हुतो. सकाळी सहाला या मॅडम, मी फाटकाशी थांबतो.’

सहाला पोचले तेव्हा नुकतं फटफटलं होतं. वसाहतीच्या फाटकाशी एक पिकअप उभी होती. बाया खोल्यांतून बाहेर येत होत्या. साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला रुमाल, एका हातात भाकरीचं गाठोडं, दुसऱ्या हातात खुरपं. पुरुष कोयते घेऊन दुसरीकडे निघाले होते. कंपनीतले, दुकानातले, सगळे.

एका उंच बाईने मला पाहिलं आणि झटकन हातातलं खुरपं पाठीमागे लपवलं. मग तोंडावरचा रुमाल खाली केला.

‘आगं बया! मॅडम, आज तपासनी हुती का?’ द्वारकाबाई म्हणाली. ‘आदी सांगायचं न्हाई का? आमी ह्या आवतारात!’

मला हसावं की रडावं कळेना. ‘मला तुमचा फ्रीज उघडून दाखवता?’ मी म्हणाले.

ती गोंधळली, पण घेऊन गेली. टेबलावरचं फुलाफुलांचं कापड गेलं होतं. टेबलही गेलं होतं. तिने फ्रीजचं दार उघडलं. खाली बाजरीची गोणी, वरच्या खणांत डाळी, शेंगदाणे, मिरचीचं तिखट. दारातल्या बाटल्यांच्या जागेत मेथी-पालकाच्या बियांच्या पुड्या.

‘भंगारवाल्याकडून घेतला. हितं उंदीर लई मॅडम. कनगी कुरतडत्यात, डबा पाडत्यात. ह्येच्यात न्हाई शिरत.’

‘आणि मी आले त्या दिवशी यात काय होतं?’

तिने सुनेकडे पाहिलं, सुनेने जमिनीकडे.

‘खुरपी,’ द्वारकाबाई म्हणाली. ‘समद्या वसाहतीची. कोयते मावंनात, मंग बरफाच्या कप्प्यात घातले दोन-चार, बाकीचे बाजरीच्या गोनीमागं.’

मी बाजेवर बसले. तिला सांगितलं की रानात जात नाही असं म्हणून तुम्ही स्वतःचंच घर घालवलंत. ही वसाहतच रानात जाणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या दारात एक खुरपं दिसलं असतं तर माफी कायम होती. ती ऐकत राहिली. तिला ते पटत नव्हतं, दिसतच होतं.

‘आसं कुटं आसतंय का मॅडम? गावात खोली बगायला गेलं की पयलं इच्यारत्यात, काय काम करता? रानात जातो म्हनलं की दार बंद. चिकलाचे पाय आनता, शेरडं बांदता, सकाळी चारला चुली पेटवता. पंदरा घरं फिरले मी, दोन लेकरं काखंत घिऊन. येका बाईनं तर उंबऱ्यावर पानी वतलं माज्या मागं. त्या दिवसापासून मी कुनाला सांगत न्हाई. आन तुमी म्हनता सांगितलं की घर मिळतंय!’ तिने फ्रीजचं दार लावलं. ‘तुमी येनार म्हनून कळलं तवा आमी समद्यांनी बसून ठरीवलं. म्हनलं, सायेब बगायला येनार, हितं कसली मान्सं ऱ्हात्यात त्ये. चांगली दिसली पायजेत. न्हाईतर काडून देतील.’

एवढ्या वर्षांत लोकांनी पट्टी चुकवायला मला नाना सोंगं दाखवली. गरिबाने आपली मजुरी लपवून मोठेपणाचं सोंग आणावं आणि त्यापायी घर जायची पाळी यावी, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. ती सोंगं मला झटकन कळायची. हे कळलं होतं, तरी मी बघितलं नाही.

त्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर पिकअपमध्ये बसले. पुढे आणखी दोन सकाळी गेले. नोकरीतल्या सगळ्या तपासण्यांत मला ती तपासणी सगळ्यात आवडली. मोजायला घर नव्हतं, कांद्याचं रान होतं. बारा बाया वाफ्यात ओळीने बसल्या की द्वारकाबाई मधोमध बसायची, तिच्या हाताच्या चालीने बाकीच्या सरकायच्या. खुरपं गवताच्या मुळाशी जातं आणि कांद्याला धक्का लागत नाही, हे मी जवळ उकिडवं बसून पाहिलं आणि करूनही पाहिलं. माझ्या खुरप्याखाली चार कांदे आले. ‘मॅडम, तुमी लिवा बाई, ह्ये आमाला करू द्या,’ ती म्हणाली आणि सगळं रान हसलं.

मी लिहिलं. गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, कोणत्या खोलीतली कोण बाई, कोण माणूस कुणाच्या उसात. शेतकरी सही द्यायला कांकू करतील असं वाटलं होतं. त्यातला एक तर म्हणाला, ‘बाई, ह्या बाया न्हाई आल्या तर माजा कांदा गवतात जाईल. कुटं सही करू, दाखवा.’ चोवीसच्या चोवीस खोल्यांचा हिशोब लागला. तेवीस कुटुंबं पूर्ण वेळ रानात, एकाचा मुलगा खरंच कंपनीत, पण आईबाप रानातच. नवा अहवाल तयार झाला. माफी कायम ठेवावी, अशी शिफारस मी लिहिली. जुन्या अहवालाबद्दल काय लिहायचं, ती जागा मात्र मी मोकळी ठेवली. सुनावणीत तोंडीच सांगीन असं ठरवलं.

सुनावणीला पालिकेचा हॉल भरलेला होता. हरकती घेऊन आलेले व्यापारी, घरमालक, निम्मं गाव. द्वारकाबाई आणि आणखी पाच-सहा बाया आल्या होत्या आणि, मी कपाळाला हात लावला, पुन्हा त्याच इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या होत्या. मुख्याधिकारी तरुण होते, हुशार आणि सरळ. त्यांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले.

‘मॅडम, एका महिन्यात दोन अहवाल. सही तुमचीच, म्हणणं उलटं. कोणता खरा?’

‘दुसरा, साहेब.’

‘मग पहिला कसा लिहिला गेला? इतकी वर्षं काम करताय तुम्ही. त्या दिवशी तुम्हाला काहीच संशय आला नाही?’

उत्तर माझ्या जिभेवर होतं. आला होता साहेब. कप पाहिला, घड्याळ पाहिलं, प्लग नसलेला फ्रीज पाहिला, शिपाई सांगत होता त्याला गप्प केलं. हे पाठ करून आले होते मी. पण पाहून न पाहिल्यासारखं लिहिणं म्हणजे खोटा अहवाल, खोटा अहवाल म्हणजे चौकशी, आणि चौकशी लागली की निवृत्तीनंतरचं सगळं अडकून पडतं. हेही मला पाठ होतं. मी घसा साफ केला. तेवढ्यात मागून आवाज आला.

‘त्यांला कसा येईल संशय, सायेब?’ द्वारकाबाई उभी राहिली होती. ‘मॅडमचा काय दोस न्हाई. आमीच खोटं बोललो. समदं झाकून ठिवलं. आमी रानात जातो. समद्या. मी पंचेचाळीस वर्सं खुरपतीया.’

जे वाक्य ती कुठल्या दारात बोलत नव्हती, ते तिने भर गावासमोर सांगितलं होतं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. ती तशीच उभी होती, मान ताठ.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बरोबर आहे, मॅडम? यांनी दिशाभूल केली म्हणून?’

मी म्हणाले, ‘हो.’

एवढंच. एक शब्द. शेजारी उभे असलेले बाबूभाई माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

निकाल चांगला लागला. करमाफी कायम झाली, गाळेवाल्यांची तोंडं बंद झाली, खोल्या वाचल्या. गुरुजींनी हात जोडले. निकालपत्राच्या शेवटी एक ओळ होती: ‘रहिवाशांनी तपासणीवेळी खोटी माहिती देऊन दिशाभूल केली असल्याने यापुढे प्रत्येक तपासणीत प्रत्येक कुटुंबाचा प्रत्यक्ष पुरावा घेण्यात यावा.’ मी ती वाचली, जावक नंबर टाकला आणि कागद पुढे पाठवला. सव्वा वर्षाने शाल, नारळ घेऊन निवृत्त झाले. भाषणात सगळ्यांनी माझ्या डोळसपणाचं कौतुक केलं. बाबूभाई माझ्या आधीच निवृत्त झाले होते, त्या समारंभाला ते आले नाहीत.

मी द्वारकाबाईकडे मात्र गेले होते. निकालानंतर आठ दिवसांनी. म्हणाले, तुम्ही का उठलात? मला सगळं दिसलं होतं त्या दिवशी.

‘म्हाईत हाय की,’ ती तांदूळ निवडत म्हणाली. ‘तुमची नजर सगळीकडं फिरत हुती. आमी म्हनलं, मॅडम समजून घेत्यात, बोलत न्हाईत. बरं वाटलं आमाला.’

मी तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडू लागले.

यंदा पुन्हा आकारणी झाली. गुरुजींचा फोन आला, आता त्यांना चालवत नाही, ‘बाई, नवे साहेब वसाहतीत येणारेत, तुम्ही या, बायांना धीर येईल.’ गेले. सगळ्या बाया रानाच्या कपड्यांत बसवून ठेवल्या होत्या, सगळ्यांचा दिवस मोडला होता. नवा निरीक्षक भला मुलगा होता, मला खुर्ची दिली. त्याच्या हातात फाइल होती आणि फाइलीत ती ओळ. पुरावा म्हणून प्रत्येक बाईने आपल्या दारात खुरपं धरून उभं राहायचं आणि तो मोबाईलवर फोटो काढणार, असं ठरलं होतं.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, ‘ही ओळ काढायला हवी. यांनी मला फसवलं नव्हतं. मला दिसत होतं, मी लिहिलं नाही.’

त्याने फाइल मागेपुढे चाळली. ‘मॅडम, यात तसं कुठंच नाही,’ तो अदबीने म्हणाला. ‘तुमचंच ‘होय’ आहे इथं.’

पहिला नंबर द्वारकाबाईचा. ती आता वाकली आहे, पण अजून जाते खुरपायला. तिने पदर सारखा केला आणि दारात उभी राहिली.

‘आजी, खुरपं जरा वर. चेहरा आणि खुरपं दोन्ही आलं पाहिजे.’

तिने खुरपं गालापाशी धरलं. मला शरमेने तिच्याकडे बघवेना. ‘आसं का?’ तिने विचारलं, आणि मग माझा चेहरा पाहून म्हणाली, ‘ऱ्हाऊ द्या मॅडम, फोटूच तर हाय.’

चोवीस दारं व्हायला दुपार झाली. मला मध्येच निघता आलं असतं. मी शेवटच्या दारापर्यंत उन्हात उभी राहिले.